साथीच्या काळात कॅन्सरच्या पेशंटचं मन सांभाळताना: आधी काय, नंतर काय

पेशंट गप्प राहू लागला, रात्ररात्र जागा दिसू लागला की घरातले बहुधा दोनच गोष्टी करतात. एक तर धीर देत सुटतात, नाहीतर झोपेची गोळी मागायला डॉक्टरांना फोन लावतात. इथे क्रम चुकतो. कॅन्सरच्या उपचारांत अशी कितीतरी कारणं असतात जी हुबेहूब नैराश्यासारखी किंवा चिंतेसारखी दिसतात. साथीच्या काळात त्यात पुढे ढकललेली किमो, बंद झालेल्या भेटीगाठी आणि तापाची धास्ती यांची भर पडते. ही कारणं आधी एकेक करून बाजूला काढायची आणि मग जे उरेल त्यावर काम करायचं. टप्पा गाळून पुढे गेलात, तर बहुतेक वेळा परत मागे यावं लागतं.

## सुरुवातीआधी: तयारी

एका पानाची माहिती. निदान आणि स्टेज, चालू उपचार, किमोच्या शेवटच्या सायकलची (फेरीची) तारीख, पुढची तारीख, सगळ्या औषधांची नावं डोससह, ॲलर्जी, शेवटच्या सीबीसीचे (रक्तपेशींच्या तपासणीचे) आकडे, कॅन्सरच्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री लागणारा नंबर. याचा फोटो पेशंटच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा. साथीत पेशंटला वॉर्डात एकट्यानेच जावं लागतं आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गोळीचं नावही आठवत नाही.

एक वही. रोज एक ओळ: तारीख, किमोचा कितवा दिवस, किती तास झोप, ताप, वेदना ० ते १०, मनावरचा ताण ० ते १०, आणि त्या दिवशी नवीन किंवा जादा घेतलेलं औषध. यातला ‘कितवा दिवस’ हा रकाना लोक हमखास वगळतात आणि नेमका तोच सगळ्यात कामाचा असतो. का, ते दुसऱ्या टप्प्यात येईल.

एक माणूस. डॉक्टरांशी कोण बोलणार ते ठरवा. तीन नातेवाईक तीन फोन करून तीन वेगवेगळी उत्तरं घेऊन आले, तर पेशंटचा कुणावरच विश्वास राहत नाही.

याशिवाय चालू स्थितीतला डिजिटल थर्मामीटर हवा. आणि दार लावून बोलता येईल अशी एक जागा हवी. अख्खं घर महिनोन्महिने एकाच छताखाली कोंडलेलं असताना ही जागा आपोआप मिळत नाही, ती ठरवून मोकळी करावी लागते.

## टप्पा १: आधी धोका तपासा

मनाबद्दल बोलायच्या आधी तीन गोष्टी.

ताप. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. या काळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप ही तातडीची बाब आहे. लगेच फोन व्हायला हवा, सकाळची वाट पाहायची नाही. मनाच्या लेखात तापाचं काय काम, असं वाटेल. पण साथीत पेशंट ताप लपवतात. आपल्याला विलगीकरणात टाकतील, घरच्यांपासून तोडतील, पुढची किमो रद्द होईल, अशा भीतीने थर्मामीटर गादीखाली जातो. म्हणून ताप नसतानाच करार करून ठेवा: पेशंट ताप लपवणार नाही आणि घरातले आरडाओरडा करणार नाहीत. पहिला फोन कॅन्सरच्या डॉक्टरांना किंवा त्यांच्या रात्रीच्या नंबरवर, आणि त्यातलं पहिलं वाक्य: “पेशंटची किमो चालू आहे, आज अमुक दिवस आहे, ताप इतका आहे.” किमोचा उल्लेख शेवटी आला, तर समोरचा माणूस साध्या तापाच्या रांगेत बसवतो.

> सावधान: ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. आकडा खाली येतो, संसर्ग तसाच राहतो.

अचानक आलेला गोंधळ. काल बरा असलेला माणूस आज वेळ-काळ विसरतो, असंबद्ध बोलतो, दिवसा पेंगतो आणि रात्री उठून बसतो, मध्येच पुन्हा नीट वागतो. ही उदासी नव्हे, ही वातासारखी, म्हणजे भ्रमाची अवस्था (डिलिरियम) आहे. तिच्यामागे संसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, रक्तातलं कॅल्शियम वाढणं, मेंदूतला बिघाड किंवा एखादं औषध असू शकतं. समजूत घालण्यात वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जीव देण्याचा विचार. हा प्रश्न थेट विचारायचा. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. शब्द साधे ठेवा आणि क्रम पाळा:

1. “जगणं नकोसं वाटतंय का?”
2. “स्वतःला संपवावं असं मनात येतं का?”
3. “कसं, कधी, असं काही ठरवलंय का?”

“आता सुटका व्हावी” हे थकलेल्या माणसाचं बोलणं असतं. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर प्रकार वेगळा. मग पेशंटला क्षणभरही एकटं सोडू नका आणि तातडीची मदत मागवा. साथीमुळे एक धोका वाढतो. दुकानं बंद होतील म्हणून लोक दोन-तीन महिन्यांचा साठा करतात, आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामकं उशाशी पडून राहतात. साठा कुलपात, आणि बाहेर फक्त आठवड्याच्या कप्प्यांचा डबा. हे सगळ्यांसाठीच करावं, संशय असो वा नसो. म्हणजे पेशंटला ते टोचतही नाही.

> पडताळणी: तिन्ही प्रश्नांची उत्तरं आज मिळाली का? “विचारायला अवघड वाटलं” याचा अर्थ टप्पा झालेला नाही.

## टप्पा २: मनाचं सोंग घेतलेलं शरीर ओळखा

आता वही उघडा. एका पेशंटची पानं साधारण अशी दिसतात:

- दिवस १: झोप ३ तास, ताण ५, बोलणं खूप, एका जागी बसवत नाही
- दिवस २: झोप ३ तास, ताण ५
- दिवस ३: झोप ४ तास, ताण ६, चिडचिड
- दिवस ५: झोप ९ तास, ताण ८, रडू, उठावंसं वाटत नाही
- दिवस ९: झोप ६ तास, ताण ४

पुढच्या सायकलला हाच आलेख पुन्हा उमटला, तर संशय डेक्सामेथासोनवर जातो. उलटी आणि ॲलर्जी टाळायला किमोबरोबर दिलं जाणारं हे स्टेरॉइड झोप उडवतं, माणसाला चढवून ठेवतं आणि बंद झालं की एक-दोन दिवसांत खाली आपटतं. यावर उपाय बहुधा साधा असतो: डोस सकाळी घ्यायचा, दुसरा असेल तर दुपारी उशीर न करता. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या. इतक्याने काम भागलं नाही, तर डोस कमी करता येतो का ते तेच ठरवतील. आणि “पाचवा दिवस वाईट जातो, नवव्याला सावरतो” हे आधी माहीत असलं, तर निम्मी भीती तिथेच ओसरते.

बाकीची कारणं थोडक्यात:

पाय स्वस्थ न राहणं. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन या उलटीवरच्या औषधांनी आतून तगमग होते. माणूस येरझाऱ्या घालतो आणि घरातले म्हणतात, साथीच्या बातम्यांनी घाबरलाय. ओळख अशी: तगमग मुख्यतः पायांत आणि शरीरात असते, डोक्यात ठरावीक काळजी नसते, आणि औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर लगेच सुरू होते. औषध बदलून मिळतं.

थायरॉइड. इम्युनोथेरपीत (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारात) किंवा मानेला रेडिएशन दिल्यावर थायरॉइड मंदावू शकतं: सुस्ती, उदासी, थंडी सोसत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. साथीत नेहमीच्या तपासण्या टळतात, त्यात हीही टळते.

हिमोग्लोबिन आणि वेदना. हिमोग्लोबिन उतरलेल्या माणसाला जिना चढताना धडधडतं आणि त्याला वाटतं, भीतीचा झटका आला. वेदना ४ च्या वर असेल तर आधी ती खाली आणा. दुखणाऱ्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवणं म्हणजे त्याची थट्टा आहे.

औषध अचानक तुटणं. बाहेर पडता न आल्याने आधीपासून चालू असलेली नैराश्याची, झोपेची किंवा अफूवर्गातली वेदनाशामक गोळी संपली, तर दोन-तीन दिवसांत अस्वस्थता, घाम, थरथर, झोपमोड सुरू होते. हा औषध तुटल्याचा परिणाम आहे. गोळ्या १० दिवसांच्या उरल्या की पुढची सोय करायची, असा नियम ठेवा.

> सामान्य चूक: यातली एखादी गोळी दोषी वाटली म्हणून स्वतःच बंद करणं. उलटीचं औषध बंद केलं की पाणी टिकत नाही, आणि दोन दिवसांत मूळ प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो.

## टप्पा ३: तारखेचा प्रश्न सोडवा

साथीत कॅन्सरच्या पेशंटची सगळ्यात मोठी काळजी विषाणूची असते असं बाहेरून वाटतं. पुष्कळदा ती तारखेची असते. “ऑपरेशन पुढे गेलं” एवढाच निरोप आला की पेशंट रिकाम्या जागा स्वतः भरतो: गाठ वाढतेय, मला सोडून दिलंय, माझ्यापेक्षा तरुण पेशंटला खाट दिली. यावर धीराचे शब्द चालत नाहीत, माहिती चालते.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा:

1. बदल वैद्यकीय कारणाने झाला, की जागा आणि माणसं नाहीत म्हणून?
2. माझ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये इतका उशीर किती चालतो?
3. मधल्या काळात काही उपचार देता येतील का?
4. नवी तारीख कोणती? ती देता येत नसेल तर कोणत्या दिवशी सांगाल?
5. कोणतं लक्षण दिसलं तर तारखेची वाट न पाहता फोन करायचा?

चौथा प्रश्न सोडू नका. “कळवतो” या शब्दावर माणूस दर अर्ध्या तासाने फोन बघत बसतो. “येत्या गुरुवारी कळवतो” यावर गुरुवारपर्यंत श्वास घेता येतो.

उपचार बदलला म्हणजे उपचार हलका झाला, असंही नसतं. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनला वेळ लागणार असेल तर आधी ही संप्रेरकं (हार्मोन) रोखणाऱ्या गोळ्या सुरू करता येतात. रेडिएशनच्या बैठका कमी करता येतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी ऑपरेशननंतर ३ आठवड्यांतल्या १५ बैठकांऐवजी १ आठवड्यात ५ बैठका दिल्या, तेव्हा पाच वर्षांत त्याच जागी कॅन्सर उलटण्याच्या बाबतीत त्या कमी पडल्या नाहीत. पेशंटला कारण समजावून सांगितलं, की “मला कमी दिलं” हा सल राहत नाही.

> सावधान: उलटा प्रकारही घडतो. संसर्गाच्या भीतीने पेशंट स्वतःच तारीख चुकवतो आणि घरी सांगतो की तिकडूनच पुढे ढकललं. म्हणून तारखेची खातरजमा ठरलेल्या एका माणसाने थेट करावी.

## टप्पा ४: उरलेला ताण मोजा

धोका नाही, शरीराची कारणं बघून झाली, तारखेचा उलगडा झाला. आता जे उरलं ते मोजायचं. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी. किमोच्या किंवा स्कॅनच्या दिवशी नको, त्या दिवशी आकडा फुगतोच. उत्तर पेशंटने एकट्याने लिहावं. मागे उभं राहून “एवढं काही नाही ना” म्हणणारा माणूस आकडा दोनने उतरवतो.

ताणाचा थर्मामीटर: आज धरून गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला? ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे कमाल. ४ किंवा जास्त आला तर उपचार करणाऱ्या टीमला सांगायचं.

दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत (अ) काहीही करण्यात रस किंवा आनंद न वाटणं, (आ) उदास, खचल्यासारखं, निराश वाटणं, हे किती वेळा झालं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त असेल तर तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी.

थकवा, भूक न लागणं, झोप न येणं यांवरून मात्र निष्कर्ष काढू नका. किमोत ते सगळ्यांनाच होतं. आवडत्या माणसाचा फोन आला तरी चेहरा हलत नाही, स्वतःला ओझं समजतो, पुढच्या आठवड्याबद्दलही बोलत नाही, ही खरी निशाणी.

## टप्पा ५: दिवसाचा सांगाडा उभा करा

सगळं एकाच दिवशी सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त पहिल्या दोन गोष्टी, त्या बसल्या की पुढच्या.

उठण्याची वेळ पक्की. झोपण्याची वेळ हातात नसते, उठण्याची असते. पलंग फक्त झोपेसाठी. दिवसभर त्याच पलंगावर फोन, जेवण आणि बातम्या झाल्या की रात्री तो पलंग झोपेची आठवण करून देत नाही. साधारण २० मिनिटं झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परत जायचं. पडण्याचा धोका किंवा चक्कर असेल तर उठण्याऐवजी पलंगातच टेकून बसा. दुपारची डुलकी ३० मिनिटांच्या आत, तीनच्या आधी.

बातम्यांना वेळापत्रक. दिवसातून दोनदा, १५ मिनिटं, एकाच खात्रीच्या ठिकाणाहून, आणि झोपेआधी दोन तास काहीही नाही. कुटुंबाच्या ग्रुपवरचे आकडे बंद. सूचनांचा आवाज बंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तरी लोक तो शेवटी करतात.

काळजीची वेळ. संध्याकाळी पण झोपेच्या बऱ्याच आधी, रोज २० मिनिटं. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत लिहायची आणि त्या वेळेवर ढकलायची. वेळ आली की दोन रकाने: माझ्या हातातलं आणि हाताबाहेरचं. हातातल्यासमोर एक कृती लिहायची, उदाहरणार्थ ‘सोमवारी ११ वाजता नर्सला फोन’. हाताबाहेरचं लिहून वही मिटायची. पहिले चार-पाच दिवस हे खुळचट वाटतं, दुसऱ्या आठवड्यात जमू लागतं.

हालचाल. व्यायामतज्ज्ञांच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत थकवा, चिंता आणि उदासीसाठी आठवड्यातून ३ दिवस ३० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम सांगितला आहे. घरात अडकलेल्या पेशंटने ५ मिनिटांपासून सुरुवात करावी, खोलीतल्या खोलीत चालून. प्लेटलेट खूप कमी असतील, हाडांत कॅन्सर पसरला असेल, ताप किंवा दम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

श्वास. ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, ५ मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांबवणं हेच यातलं मर्म. चक्कर आली तर मोजणं सोडून द्या. फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं असेल तर ओढूनताणून करू नका.

> पडताळणी: दोन आठवड्यांनी टप्पा ४ चा आकडा पुन्हा काढा. तो हललाच नसेल तर सांगाड्यात आणखी भर घालत बसू नका, थेट टप्पा ७ ला या.

## टप्पा ६: अंतर ठेवून सोबत

अंतर शरीराचं ठेवायचं आहे. रोज एका ठरलेल्या वेळी, एका ठरलेल्या माणसाचा फोन. “कधीही फोन कर” या वाक्याचा उपयोग होत नाही, कारण खचलेला माणूस फोन करत नाही. रोज ७ वाजता येणारा दहा मिनिटांचा फोन मात्र तो उचलतो. त्यातली पाच मिनिटं आजाराशिवाय दुसऱ्या कशावर तरी.

बोलताना होणाऱ्या चुका:

- “पॉझिटिव्ह राहा.” यापुढे पेशंट भीती लपवतो आणि आजार बळावला तर आपणच कमी पडलो असं मानतो. त्याऐवजी: “आज सगळ्यात जास्त कशाची भीती वाटतेय?” आणि मग गप्प बसा. शांतता दहा सेकंद चालू द्या.
- “सगळेच घरात अडकलेत.” बाकीच्यांना दार उघडलं की सुटका आहे. याला नाही, आणि हे त्याला तुमच्याआधी कळलंय.
- त्याच्यापुरत्या बातम्या दडपणं. ओळखीच्या पेशंटचा मृत्यू दुसरीकडून कळतोच. घरच्याने, बसून, सरळ शब्दांत सांगावा.

वॉर्डात एकट्याने जायचं असेल तर चार्जर, इयरफोन, ते एक पान आणि घरच्या आवाजातले दोन-तीन रेकॉर्ड केलेले निरोप बरोबर द्या. डॉक्टर येतील तेव्हा फोन स्पीकरवर चालू ठेवता येईल का, हे आधी विचारून घ्या.

## टप्पा ७: तज्ज्ञ आणि औषध

आकडा दोन आठवडे वरच राहिला, पेशंट उपचार नाकारू लागला, किंवा भीतीचे झटके येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक. साथीत भेट बहुधा व्हिडिओवर होते. तिच्या आधी: दार बंद, इयरफोन कानात, फोन पूर्ण चार्ज, लाइन तुटली तर कोण कुणाला फोन करणार ते ठरलेलं, आणि वहीची शेवटची दोन पानं समोर. घरातलं कुणी येऊन उभं राहिलं तर विषय बदलायला एक ठरावीक शब्द डॉक्टरांशी आधीच ठरवा. एकत्र राहणाऱ्या घरात याची खरंच गरज पडते.

भेटीत कॅन्सरच्या औषधांची यादी वाचून दाखवणं ही तुमची जबाबदारी समजा:

- टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोन रोखणारी गोळी) घेणाऱ्यांना पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची औषधं सहसा टाळतात. ती टॅमॉक्सिफेनचं शरीरात सक्रिय रूप होऊ देत नाहीत.
- उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन आणि नैराश्यावरचं सिटालोप्रॅम एकत्र असतील तर हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होऊ शकतो. ईसीजी लागेल का, विचारा.
- सेंट जॉन्स वर्ट ही ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी वनस्पती इरिनोटेकॅन, इमॅटिनिब या कॅन्सरच्या औषधांची रक्तातली पातळी खाली आणते.
- झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या मॉर्फिनबरोबर घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता लिहून देणं, हा घोटाळा फोनवरच्या भेटींमध्ये जास्त होतो.

नैराश्याच्या औषधाचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण परिणाम त्याहून उशिरा. मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यातच येते. म्हणून “उपयोग नाही, त्रासच होतोय” म्हणत दहाव्या दिवशी गोळी बंद करणारे पुष्कळ. बंद करायची असेल तेव्हाही डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू.

## टप्पा ८: काळजी घेणाऱ्याचा आकडा

टप्पा ४ चा थर्मामीटर काळजी घेणाऱ्यानेही भरायचा, वेगळ्या पानावर. रोज एक तास पूर्ण सुट्टी, त्या तासात पेशंटचा फोनही दुसऱ्याकडे. आणि तुम्हालाच संसर्ग झाला तर औषधं कोण देणार, त्या माणसाला तो एक पानाचा कागद आणि कुलपाची चावी आजच दाखवून ठेवा.

## निर्बंध उठल्यावर

इथे लोक वही बंद करतात. बाकीचं जग बाहेर पडतं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेला पेशंट नव्याने घाबरतो, कारण आता मास्क लावलेला तो एकटाच असतो. बाहेर पडणं पायऱ्यांनी करा: आधी दारापर्यंत, मग मोकळ्या हवेत दहा मिनिटं, मग मोकळ्या जागेत एका माणसाची भेट, बंद खोलीतली गर्दी सगळ्यात शेवटी. एक पायरी तीन वेळा करून ताण निम्म्यावर आला की पुढची. कोणती पायरी कधी, हे पांढऱ्या पेशींचा आकडा बघून डॉक्टरांना विचारा. आणि टळलेल्या स्कॅनची तारीख लागली, की तिच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात ताणाचा आकडा रोज लिहा.